किनाऱ्याच्या पाण्याचा नकाशा : प्रस्तावना

किनाऱ्यालगतच्या पाण्याची गुणवत्ता मोजली जाते ती नेहमीच एका बाटलीपुरती, म्हणजे एका ठिकाणच्या, एका खोलीवरच्या आणि दिवसातल्या एका घटकेच्या पाण्यापुरती. त्या मोजणीच्या आधारे जे निर्णय घ्यावे लागतात ते मात्र सबंध खाडीबद्दल, एखाद्या चौपाटीच्या पूर्ण लांबीबद्दल किंवा मासेमारीच्या विस्तृत क्षेत्राबद्दल असतात. हे अंतर भरून काढण्यासाठी जी साधने आणि ज्या गणिती रीती वापरल्या जातात त्यांना अवकाशीय मानचित्रणाची तंत्रे असे म्हणतात. प्रत्येक मोजणीला अक्षांश-रेखांशांची, खोलीची आणि वेळेची जोड देणे, अशा मोजण्या भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजे जागेचा संदर्भ असलेली माहिती साठवणाऱ्या आणि तिचे थर एकावर एक ठेवून तपासू देणाऱ्या संगणकीय व्यवस्थेत, एकत्र आणणे, दोन मोजण्यांच्या मधल्या पाण्याबद्दल गणिताने अंदाज बांधणे आणि उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या रंगाशी तो अंदाज ताडून पाहणे, अशी या कामाची ढोबळ मांडणी सांगता येईल. तिच्यातून हाती येणारा रंगीत नकाशा पाहणाऱ्याला वस्तुस्थितीचे छायाचित्र वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या बहुतेक भागावर कोणीही बाटली बुडवलेली नसते. न मोजलेल्या पाण्याविषयी केलेले ते एक विधान असते, आणि ते कशाच्या बळावर केले गेले हे वाचकाला तपासता यावे, हा प्रस्तुत पुस्तकामागचा हेतू आहे.

विषय सर्वच किनाऱ्यांना लागू असला तरी विवेचनासाठी मुंबई आणि तिच्या भोवतालच्या खाड्या निवडल्या आहेत, कारण या तंत्रांपुढे उभ्या राहणाऱ्या जवळपास सगळ्या अडचणी येथे थोड्या अंतरात भेटतात. शहराच्या पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आहे, पूर्वेला बंदर आहे आणि बंदराच्या उत्तरेस निमुळती होत गेलेली, सुमारे २६ किलोमीटर लांबीची ठाणे खाडी आहे, जी उत्तर टोकाला एका अरुंद वाटेने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे. पावसाळा सरला की या टोकाला गोड्या पाण्याचा पुरवठा आटतो, भरतीने आत ढकललेले पाणी ओहोटीला पुरते बाहेर पडत नाही, आणि एका बाजूने मुंबईचे सांडपाणी व दुसऱ्या बाजूने ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे पाणी घेणारी ही खाडी आपल्या आतल्या भागात फार सावकाश धुतली जाते. शहराचे सांडपाणी कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात विभागांत गोळा होते. त्यांपैकी वरळी आणि वांद्रे येथून ते समुद्रतळाखालच्या बोगद्यांतून किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून दूर नेऊन सोडले जाते, पूर्वेकडचे खाडीला मिळते आणि जे गटारांच्या जाळ्यात येतच नाही ते नाल्यांनी व मिठीसारख्या नदीने किनाऱ्यालाच येऊन पोहोचते. अशा प्रदेशात 'समुद्राचे पाणी कसे आहे' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे शक्य नाही. 'कुठले' आणि 'केव्हाचे' हे विचारल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थच येत नाही.

भारतातील कायद्यानेही जागेचा हा संबंध मान्य केला आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील नियमांमध्ये किनारी पाण्याचे, त्याच्या उपयोगानुसार, पाच वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गात मिठागरे, कालवे-शिंपल्यांची मासेमारी, सागरी मत्स्यशेती आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे येतात, दुसऱ्यात स्नान, पाण्याशी संपर्क येणारे खेळ आणि व्यापारी मासेमारी, तिसऱ्यात उद्योगांचे शीतकरण आणि संपर्करहित मनोरंजन, चौथ्यात बंदरे, आणि पाचव्यात नौकानयन व नियंत्रित विसर्ग. पहिल्या वर्गासाठी लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, दुसऱ्यासाठी ४, चौथ्यासाठी ३. दुसऱ्या वर्गात १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संभाव्यतम संख्या १०० पर्यंत चालते, आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव जितका प्राणवायू खर्च करतात त्याचे माप, ३ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. या तरतुदींचा बारकाईने विचार केला तर ध्यानात येते की वर्ग ठरवण्यासाठी आधी उपयोग ठरवावा लागतो आणि उपयोग हा नेहमी एखाद्या जागेचा असतो. मासेमारी बंदराला लागून कालवांचा खडक असेल, तर चौथ्या आणि पहिल्या वर्गाची सीमा शेकडो मीटरांच्या अंतरात आखावी लागते. ती आखायची तर नकाशा हवाच, आणि तोही मोजण्यांची ठिपकेवारी दाखवून थांबणारा चालत नाही.

तरीही सुरुवात ठिपक्यापासूनच होते, आणि ठिपका कच्चा असेल तर पुढचे सारे गणित वाया जाते. प्राणवायूचे उदाहरण घ्यावे. हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते. होडीवर काढलेले पाणी काचेच्या बुचाच्या बाटलीत रबरी नळीने तळापासून भरावे लागते, बाटली भरून पाणी बराच वेळ बाहेर वाहू द्यावे लागते आणि बूच लावताना हवेचा एकही बुडबुडा आत राहणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते, कारण एवढासा बुडबुडाही मरणपंथाला लागलेल्या पाण्याला निरोगी ठरवू शकतो. त्यानंतर लगेच, तेथेच होडीवर, मँगनीजच्या क्षाराचे आणि आयोडाइडयुक्त अल्कलीचे द्रावण घातले जाते. पाण्यात प्राणवायू असेल तर तयार होणारा साका तपकिरी होतो; नसेल तर तो पांढराच राहतो. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घालून, थायोसल्फेटने अनुमापन करून आकडा काढला जातो, परंतु माहीमच्या खाडीसारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी बाटलीत पांढरा साका दिसला की आकड्याची वाट न पाहताही पुष्कळ काही कळलेले असते. सुमारे २८ अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात मुळात लिटरमागे सहा-साडेसहा मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. म्हणजे पहिल्या वर्गाची ५ मिलिग्रॅमची अट आणि पूर्ण संपृक्तता यांच्यातली जागा फार थोडी आहे, आणि मोजणीतली अर्ध्या मिलिग्रॅमची चूक नकाशावर एक अख्खा वर्ग बदलू शकते.

अशा मोजण्यांना देशपातळीवर सातत्य आले ते १९९१ मध्ये, जेव्हा केंद्र शासनाच्या तत्कालीन महासागर विकास विभागाने किनारी पाण्याचे निरीक्षण आणि पूर्वानुमान यांचा 'कोमॅप्स' नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम सुरू केला. किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे जाणाऱ्या ठरावीक रेषांवर त्याच त्या ठिकाणी वर्षानुवर्षे नमुने घेण्याची शिस्त या कार्यक्रमाने घालून दिली, आणि आज पश्चिम किनाऱ्याबद्दल जे काही खात्रीने बोलता येते त्यातले बरेचसे या कंटाळवाण्या वाटणाऱ्या शिस्तीचे फळ आहे. मानचित्रणाच्या चर्चेत या परिश्रमांचा उल्लेख पुसट होतो आणि संगणकाचे कौतुक वाढते, हे योग्य नाही.

मोजलेल्या ठिपक्यांवरून मधल्या जागेचा अंदाज बांधण्याच्या क्रियेला अंतर्वेशन म्हणतात. तिची सर्वांत सोपी रीत अशी की, न मोजलेल्या जागी भोवतालच्या मोजण्यांची सरासरी धरावी आणि जवळच्या मोजणीला अधिक व दूरच्या मोजणीला कमी वजन द्यावे. डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ मध्ये तिला सुटसुटीत सूत्राचे रूप दिले आणि 'व्यस्त अंतर भारण' या नावाने ती जवळपास प्रत्येक संगणकीय प्रणालीत तयार मिळते. ती झटपट नकाशा देते, पण जवळ म्हणजे किती जवळ याचे उत्तर तिच्याजवळ नसते. अंतर वाढेल तसे वजन किती झपाट्याने घटावे हे ठरवणारा जो घातांक वापरणारा निवडेल त्याप्रमाणे नकाशा बदलतो आणि निवडीचे कारण बहुधा कोणी सांगत नाही. दुसरी रीत खाणींतून आली. दक्षिण आफ्रिकेतील अभियंता डॅनी क्रिग यांच्यापुढे सोन्याच्या खाणीत थोड्या छिद्रांतून काढलेल्या नमुन्यांवरून सबंध खडकात सोने किती असेल हे सांगण्याचा प्रश्न होता. त्यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या विचाराला फ्रेंच गणिती जॉर्ज मातरों यांनी १९६० च्या दशकात सैद्धांतिक पाया दिला आणि क्रिग यांच्याच नावावरून तिला क्रिगिंग म्हटले जाऊ लागले.

क्रिगिंगचा गाभा 'व्हेरिओग्राम' नावाच्या आलेखात आहे. मोजणीच्या ठिकाणांच्या सर्व जोड्या घेऊन, त्यांच्यातील अंतर वाढत जाते तसा त्यांच्या मूल्यांतील फरक कसा वाढतो हे हा आलेख दाखवतो. साधारणतः काही अंतरापर्यंत फरक वाढत जातो आणि मग स्थिरावतो; जेथे तो स्थिरावतो त्या अंतरापलीकडची मोजणी आपल्या जागेबद्दल काहीच सांगत नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे 'जवळ' या शब्दाची व्याख्या येथे वापरणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही, ती मोजण्यांतूनच निघते. आलेख शून्य अंतराजवळही शून्यावर येत नसेल तर तेवढा भाग मोजणीतील चुकीचा किंवा दोन नमुन्यांच्या मध्ये दडलेल्या बारीक चढउताराचा समजावा. याहून मोलाची गोष्ट म्हणजे क्रिगिंग प्रत्येक जागेच्या अंदाजाबरोबर त्या अंदाजातील संभाव्य चूकही देते. अट एवढीच की आलेख विश्वसनीय असला पाहिजे, आणि त्यासाठी शंभराच्या आसपास मोजण्या हव्यात असे जाणकार मानतात. आठ-दहा ठिकाणच्या नमुन्यांवर क्रिगिंग चालवून काढलेले खाडीचे नकाशे अहवालांतून दिसतात. संगणक नाही म्हणत नाही, म्हणून ते निघतात, पण त्यांतील वळणदार रेषांना आधार जवळजवळ नसतो.

येथे एक मूलभूत भेद सतत डोळ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. ज्या खाणीसाठी ही पद्धत जन्मली तेथे सोने जागच्या जागी असते; आज काढलेला आणि महिन्याने काढलेला नमुना एकाच खडकाबद्दल बोलतो, आणि दोन छिद्रांमधले अंतर म्हणजे सरळ रेषेतले अंतर, याबद्दल वाद नसतो. किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी कोसळतात. आधी अंतराचे पाहू. माहीमची खाडी आणि वाशी पुलाजवळची ठाणे खाडी यांच्यामध्ये सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटर आहेत, पण त्या रेषेवर संपूर्ण शहर वसलेले आहे; पाण्याच्या वाटेने जायचे तर वरळी, मलबार हिल आणि कुलाब्याचे टोक यांना वळसा घालून, बंदरातून वर, चाळीसहून अधिक किलोमीटर जावे लागते. सरळ अंतरावर चालणाऱ्या सूत्राला हे ठाऊक नसते, त्यामुळे एका खाडीतली घाण ते जमिनीवरून उचलून दुसऱ्या खाडीत नेऊन ठेवते. यावर उपाय आहेत : जमीन अडथळा म्हणून आखून देता येते, सरळ रेषेऐवजी पाण्यातल्या सर्वांत छोट्या वाटेचे अंतर वापरता येते, किंवा प्रत्येक खाडीचे गणित वेगळे ठेवता येते. यांपैकी कोणता उपाय केला हे न सांगणारा नकाशा अपुरा समजला पाहिजे.

जिवाणूंच्या बाबतीत आणखी एक पेच पडतो. कोलिफॉर्मची संख्या नाल्याच्या मुखाशी लाखांत आणि समुद्रात थोडे आत गेल्यावर शेकड्यांत असू शकते; अशा आकड्यांची साधी सरासरी एकाच मोठ्या आकड्याच्या मुठीत जाते, म्हणून आधी त्यांचे लघुगणक घेऊन मग अंतर्वेशन करणे इष्ट ठरते. शिवाय ही संख्या नमुना घातलेल्या परीक्षानळ्यांपैकी किती नळ्यांत जिवाणूंची वाढ दिसली यावरून तक्त्यातून काढलेली असते, आणि सगळ्याच नळ्यांत वाढ दिसली तर प्रयोगशाळा फक्त 'अमुकपेक्षा अधिक' एवढेच लिहू शकते. हे 'पेक्षा अधिक' नकाशा काढताना निमूटपणे गळून पडते आणि सर्वांत घाणेरडी जागा कागदावर थोडी स्वच्छ होते.

खाणीपेक्षा वेगळी ठरणारी दुसरी गोष्ट वेळेची. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरांहूनही अधिक वरखाली होते. एका होडीने सकाळी खाडीच्या मुखापासून नमुने घ्यायला सुरुवात केली आणि दुपारी आतल्या टोकाला शेवटचा नमुना घेतला, तर पहिली बाटली समुद्राच्या पाण्याची आणि शेवटची नाल्यांच्या पाण्याची भरते. मधले अंतर जागेचे किती आणि ओहोटीचे किती हे नंतर कोणालाही वेगळे काढता येत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर क्षारता मोजणे, निदान एका ठिकाणी होडी नांगरून साधारण तेरा तास, म्हणजे भरती-ओहोटीचे एक पूर्ण चक्र, दर तासाला नमुने घेणे, आणि भरतीचा व ओहोटीचा असे दोन वेगळे नकाशे काढणे, ही किमान पथ्ये होत.

कोकणातल्या दर्यावर्दी समाजाला हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला व अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. या साध्या कोष्टकाचा उपग्रहीय मानचित्रणाशी थेट संबंध आहे, आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. समुद्राचा रंग टिपणारे उपग्रह सूर्याशी वेळ जुळवून फिरतात, म्हणजे ते दर खेपेला एखाद्या ठिकाणावरून जवळपास त्याच स्थानिक वेळी जातात. भारताच्या ओशनसॅट मालिकेसाठी ही वेळ मध्यान्हीच्या आसपासची ठरवलेली आहे. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी ओशनसॅटला दिसते ते नेहमी भरलेले पाणी, आणि ओहोटी दिसते ती भांगाच्या दिवसांतली, जेव्हा पाणी मुळात फार उतरतच नाही. पौर्णिमा-अमावास्येची खरी सुकती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास असते. खाडीतले सांडपाणी सर्वांत कमी पातळ झालेले असते ती हीच घटका, आणि नेमकी तीच या चित्रांत कधी येत नाही. वर्षभराच्या उपग्रह-चित्रांची सरासरी काढली तरी ही उणीव भरून निघत नाही, कारण ती योगायोगाने राहिलेली नसून पंचांगानेच ठरवून दिलेली आहे.

याचा अर्थ उपग्रह निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. मे १९९९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-१ ने आणि सप्टेंबर २००९ मधील ओशनसॅट-२ ने दर दोन दिवसांनी १४२० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपून जे चित्र दिले ते होड्यांच्या कितीही मोठ्या ताफ्याला देता आले नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या पाठोपाठ ओशनसॅट-३ गेला, आणि त्याचा कॅमेरा प्रकाशाचे १३ पट्टे वेगळे ओळखतो. त्यांच्या कामाचे तत्त्व असे : पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींचे हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, तेव्हा पाण्यातून परत येणाऱ्या निळ्या व हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्य किती हे काढता येते. खुल्या समुद्रात हे उत्तम जमते. किनाऱ्याजवळ मात्र नद्यांचा गाळ आणि पिवळसर विरघळलेली सेंद्रिय द्रव्येही रंग बदलतात, आणि अशा पाण्यात तेच सूत्र गाळालाच हरितद्रव्य समजून बसते. मोरेल आणि प्रियर या संशोधकांनी १९७७ मध्ये पाण्याचे हे दोन प्रकार वेगळे दाखवून दिले, तरी खुल्या समुद्राची सूत्रे खाडीला लावण्याचा मोह अजून सुटलेला नाही. गढूळपणाच्या मापनासाठी लाल आणि अवरक्त पट्टे अधिक भरवशाचे ठरतात. त्यातही उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नव्वद टक्के प्रकाश हवेनेच विखुरलेला असतो. तो वजा केल्यावर उरलेल्या अल्पशा भागातून पाण्याबद्दल बोलावे लागते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हेही बोलणे बंद असते, आणि नाले सर्वाधिक वाहतात ते याच महिन्यांत.

चित्राचा बारीकपणाही तपासावा लागतो. ओशनसॅट-२ च्या चित्रातला एक चौकोन सुमारे ३६० मीटरांचा होता. वाशीजवळ ठाणे खाडी दीड-दोन किलोमीटर रुंद असल्याने तेथे चार-पाच चौकोन मावतात, पण उत्तर टोकाला एकाच चौकोनात पाणी, चिखल आणि कांदळवन एकत्र येते. युरोपच्या सेंटिनेल-२ चे १० मीटरांचे चौकोन तेथे उपयोगी पडतात, मात्र ते उपग्रह मुळात जमिनीसाठी बनवलेले असल्याने पाण्याच्या मंद प्रकाशात त्यांची नजर तितकी तीक्ष्ण नसते. मोजपट्टीचा हा प्रभाव किती दूरवर जातो याची साक्ष किनाऱ्याच्या लांबीनेच दिली आहे : १९७० च्या दशकात ७,५१६.६ किलोमीटर धरली गेलेली भारताच्या किनाऱ्याची लांबी अलीकडच्या, अधिक मोठ्या प्रमाणावरील नकाशांवरून केलेल्या फेरमोजणीत ११,०९८.८१ किलोमीटर भरली. किनारा वाढला नाही. खाड्यांची वळणे आणि बेटे मोजणीत आली. आणि प्राणवायू, नायट्रेट, फॉस्फेट, कोलिफॉर्म यांना तर रंगच नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणत्याही उपग्रहाचा आधार घेतला तरी शेवटी बाटलीकडे यावेच लागते.

पृष्ठभागाच्या नकाशाची मर्यादा गोव्याच्या किनाऱ्याइतकी स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकारी यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर खोल समुद्रातले, मुळातच प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. पावसाच्या आणि नद्यांच्या हलक्या पाण्याचा पातळ थर त्यावर झाकणासारखा बसतो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपून तेथे नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. कांदोळीसमोर संस्थेने वर्षानुवर्षे घेतलेल्या मोजण्यांतून हे ऋतुचक्र पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्या दिवसांत पृष्ठभागाचा नकाशा निर्दोष दिसेल आणि काही मीटर खाली मासळीला श्वास घेणे कठीण झालेले असेल. येथे आणखी एक नाजूक प्रश्न उभा राहतो : हे प्राणवायूचे दुर्भिक्ष मुळात निसर्गाचे आहे, आणि जमिनीवरून येणाऱ्या खतांनी व सांडपाण्याने त्यात भर पडते. म्हणून कमी प्राणवायूचा प्रत्येक ठिपका लाल रंगवून त्याचे खापर जवळच्या नाल्यावर फोडणारा नकाशा जितका चुकीचा, तितकाच सगळे निसर्गावर ढकलून शहराला मोकळे करणाराही चुकीचा. ऋतू, खोली आणि जागा तिन्ही वेगळे ठेवल्याशिवाय वाटा ठरवता येत नाही.

अशी सरमिसळ डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांमुळेही होते. ठाणे खाडीत हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये तेथे रोहित पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत गेली. या वैभवाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, पण पक्ष्यांची गर्दी म्हणजे स्वच्छ पाण्याचा दाखला नव्हे. लहान रोहित ज्या सूक्ष्म शैवालांवर जगतो ती पोषकद्रव्यांनी समृद्ध पाण्यात फोफावतात, आणि ती पोषकद्रव्ये सांडपाण्यातूनही येतात. अनेक घटकांचा मिळून एकच गुणांक काढण्याची जी रीत रूढ होत आहे तिच्याबद्दलही असेच सावध राहावे लागते, कारण चांगल्या प्राणवायूने वाईट कोलिफॉर्म झाकला जातो आणि पोहणाऱ्या मुलाला त्या सरासरीचा काहीच उपयोग नसतो. घटकवार नकाशे पाहायला किचकट असले तरी अधिक प्रामाणिक असतात.

या सगळ्या विवेचनानंतर सर्वांत महत्त्वाची वाटणारी उणीव तंत्राची नसून नमुन्यांच्या जागांची आहे. नमुने होडीने घेतले जातात, होडी चिखलात जात नाही, म्हणून ठिकाणे पात्राच्या मध्यावर, खोल आणि वाहत्या पाण्यात असतात. माणसे मात्र काठावर असतात. सुकतीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या, शिवल्या आणि कालवे काढणाऱ्या स्त्रिया जेथे उभ्या असतात तो पट्टा बहुतेक नकाशांवर केवळ अंतर्वेशनाने रंगवलेला असतो. आणि शिंपल्यातले हे जीव पाणी गाळून अन्न मिळवत असल्याने पाण्यातले जिवाणू त्यांच्या अंगात साठत जातात. कायद्याने ज्या उपयोगाला पहिला वर्ग दिला त्याच उपयोगाची जागा अशा रीतीने सर्वांत कमी मोजलेली राहते. क्रिगिंग अंदाजासोबत जी संभाव्य चूक देते ती नमुन्यांच्या मूल्यांवर अवलंबून नसून त्यांच्या जागांवर आणि व्हेरिओग्रामवर अवलंबून असते. म्हणजे पूर्वीच्या मोजण्यांवरून तो आलेख हाती असेल तर नवे नमुने घेण्याआधीच, एकही रुपया खर्च न करता, कोठे एक ठिकाण वाढवले असता संदेह सर्वांत जास्त घटेल हे काढता येते. निरीक्षणाचे जाळे आखताना हा हिशेब केला जावा आणि त्यात पायी चालत ओहोटीला नमुने घेण्याची काठावरची ठिकाणे जोडली जावीत. कोळीवाड्यांतील जाणत्यांना भरतीची वेळ आणि घाण साचण्याच्या जागा दोन्ही ठाऊक असतात, तेव्हा ठिकाणे त्यांच्याशी बोलून ठरवली जावीत, अशी या पुस्तकाची मागणी आहे.

पुढील प्रकरणांत नमुना घेण्यापासून सांख्यिकीपर्यंत आणि उपग्रह-चित्रांच्या शुद्धीकरणापासून भरती-ओहोटीच्या गणितापर्यंत एकेक पायरी तपशिलाने येईल. विद्यार्थ्याने ती क्रमाने वाचावी. प्रशासनात, पत्रकारितेत किंवा मच्छीमार संस्थांत काम करणाऱ्या वाचकाने गणिताची प्रकरणे गाळली तरी चालेल. मात्र खाडीच्या पाण्याचा कोणताही नकाशा समोर आला की त्यावर नमुन्यांच्या जागा, तिथी आणि घटका, नमुन्याची खोली आणि अंदाजातील संभाव्य चूक दाखवणारा जोड-नकाशा या चार गोष्टी छापल्या आहेत का हे त्याने आधी पाहावे, नसतील तर त्या मागून घ्याव्यात, आणि मिळेपर्यंत त्या नकाशाच्या आधारे कोणत्याही पाण्याला स्वच्छ म्हणू नये.